वाळवंटात कागद घेऊन जाताय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी थरच्या वाळवंटात, उघड्यावर बसून कागदकाम करण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर ठाणे, कळवा, नेरुळ, खारघर, सगळीकडून पत्रं आणि मेल आले. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत. काही उत्तरं लांबलीत, कारण विषयच तसा आहे.

प्रश्न : ताई, माझे जावई जैसलमेरजवळ नोकरीला आहेत, डिसेंबरात आम्ही दोघं महिनाभर तिकडे राहायला जाणार. मी ग्रीटिंग कार्डं आणि क्विलिंग (कागदाच्या पट्ट्या गुंडाळून नक्षी) करते. इथे पावसाळ्यात कागद नुसता दमट होतो, केलेली कार्डं वाकतात. तिकडे तरी नीट होईल का? आणि सामान काय न्यावं? (नेरुळ)

तिकडे तुम्हाला कागद नव्याने कळेल, खरंच सांगते. कागद हवेतला ओलावा सतत पीत असतो आणि सोडत असतो. नेरुळला खाडीवरून येणारी हवा, त्यात जुलै-ऑगस्ट, म्हणजे कागदाचा तंतू कायम फुगलेला, घडी घातली की ती पडते पण कडक राहत नाही, थोड्या वेळाने उघडायला लागते. जैसलमेरला वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्याकडे जुलैतल्या एखाद्या धुवांधार दिवसात तेवढा पडून जातो. त्यामुळे तिथे साध्या झेरॉक्सच्या कागदाची घडीसुद्धा अशी पडते की नखाने एकदा ओढली की पुरे. क्विलिंगची पट्टी गुंडाळून सोडली की छान एकसारखी उलगडते, चिकटून बसत नाही.

पण कोरड्या हवेचे स्वतःचे नखरे आहेत. जाड कार्डशीट फार सुकली की घडीवर तडकते. म्हणून आधी कागदाची दिशा बघायची. शीट हातात धरून हलकी वाकवा, एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत, ज्या बाजूने ती सहज वाकते तिकडे तिचे तंतू आडवे न येता सोबत चालतात, घडी तिथेच घालायची. ही सवय इथे घरीच लावून घ्या. फेव्हिकॉल तिथे झटकन सुकतो, बाटलीचं तोंड उघडं ठेवू नका, आणि पतंगी कागद किंवा टिश्यूसारखा हलका कागद बोटांना चिकटतो, तेव्हा हात जरा ओलसर फडक्याला पुसून घ्यायचे.

तुमची कार्डं का वाकतात तेही सांगते, कारण तिकडे केलेली कार्डं तुम्ही इकडे आणणार. एका कार्डशीटवर दुसरा कागद चिकटवला आणि दोघांच्या तंतूंची दिशा वेगळी असली, की ओलाव्याने एक जास्त फुगतो, एक कमी, आणि अख्खं कार्ड केळीच्या पानासारखं वळतं. कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो, लांबीत कमी. म्हणून सगळे थर एकाच दिशेने ठेवा, पातळ गोंद लावा, आणि पुढे एक थर लावलात तर मागेही एक पातळ कागद लावा, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी राहते. मग कार्ड नेरुळला आलं तरी सरळ राहील. घरी कार्डशीट स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नव्या बुटांच्या किंवा पर्सच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाका.

सामान कमीच न्या. एक छोटी कात्री, पट्टी, ग्लू स्टिक, पेन्सिल, चमचा (घडी दाबायला चमच्याची पाठ मस्त चालते), आणि परीक्षेला नेतात तसं क्लिपचं पॅड. पॅड अजिबात विसरू नका, दुपारचा वारा सुटला की कागद हातात राहत नाही. बाहेर बसायचं तर सकाळचं कोवळं ऊन किंवा चारनंतर. रात्री मात्र शाल पाहिजे, तिकडे ढग नाहीत, हवेत वाफ नाही, त्यामुळे वाळूने दिवसभर घेतलेली उष्णता सरळ आकाशात निघून जाते आणि डिसेंबरात पारा ७-८ अंशांपर्यंत सहज उतरतो.

कागद मात्र थोडा तिकडचा घ्या. जयपूरजवळ सांगानेरला कागझी लोक पिढ्यान्‌पिढ्या हातकागद करतात, सुती चिंध्यांच्या लगद्यापासून, त्याच्या कडा कापलेल्या नसतात आणि त्या तशाच ठेवाव्यात. आणि राजस्थानचं कौतुक करताना आपल्या दौलताबादजवळचं कागजीपुराही लक्षात ठेवा, तिथेही हाच जुना धंदा.

प्रश्न : मी रिटायर्ड आहे, नातू सातवीत. नाताळच्या सुट्टीत आम्ही जैसलमेरला चाललोय. मुलगा म्हणतो पोराला मोबाईल देऊन टाका म्हणजे कंटाळणार नाही. मला ते पटत नाही. कागदाचं असं काही सांगा जे दोघं मिळून करू आणि तिकडे वापरू. (कोपरी, ठाणे पूर्व)

काका, तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. कागदाचं सूर्यघड्याळ करा. ठाण्यात करायचं, तिकडे नेऊन बदलायचं, आणि बदलताना पृथ्वी गोल आहे हे पोराला हातात धरून दिसेल.

जाड पुठ्ठ्यातून ५ सेंटिमीटर त्रिज्येची चकती कापा. कोनमापकाने दर १५ अंशांवर एक रेघ, म्हणजे २४ रेघा, कारण सूर्य तासाला १५ अंश सरकतो. चकतीच्या बरोबर मधोमध भोक पाडून नवी, लांब पेन्सिल घट्ट आरपार घाला, चकतीला काटकोनात. आता हे जमिनीवर टेकवायचं, चकतीची खालची कड आणि पेन्सिलीचं खालचं टोक असे दोन टेकू. पेन्सिलीचं वरचं टोक उत्तरेकडे. चकती जिथे जमिनीला टेकते तिथली रेघ १२ ची.

आता खरी गंमत. पेन्सिल जमिनीशी जो कोन करते तो त्या गावाच्या अक्षांशाएवढा पाहिजे. ठाणे साधारण १९.२ अंशांवर, म्हणून चकतीच्या खाली पेन्सिल साधारण साडेचौदा सेंटिमीटर ठेवायची. जैसलमेर २६.९ अंशांवर, तिथे ती वर सरकवून खाली जवळजवळ १० सेंटिमीटरच ठेवायची. म्हणजे गाडीत बसून आपण उत्तरेकडे किती सरकलो, ते पेन्सिलीवर साडेचार सेंटिमीटरने दिसतं! पेन्सिलीवर दोन्ही ठिकाणी खूण करून "ठाणे" आणि "जैसलमेर" असं नातवालाच लिहू द्या.

एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगत नाहीत. डिसेंबरात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला असतो, त्यामुळे चकतीच्या वरच्या बाजूला ऊन पडतच नाही, सावली खालच्या, दक्षिणेकडे तोंड केलेल्या बाजूवर पडते. म्हणून रेघा दोन्ही बाजूंना काढायच्या. वरच्या बाजूला आकडे घड्याळासारखे फिरतात, खालच्या बाजूला उलटे. मार्चच्या २० तारखेनंतर सावली वरच्या बाजूला येते. पोराला हे आधी सांगू नका, तिथे गेल्यावर त्याला खाली वाकून सावली शोधू दे.

मग तो म्हणेल, आजोबा हे घड्याळ चुकीचं आहे. ते बरोबरच असतं, मनगटावरचं घड्याळ प्रयागराजजवळून (आधीचं अलाहाबाद) जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची वेळ दाखवतं. ठाणे त्याच्या पश्चिमेला साधारण साडेनऊ अंश, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपला खरा सूर्याचा मध्यान्ह १२ वाजून ३८ मिनिटांच्या आसपास. जैसलमेर अजून पश्चिमेला, तिथे १२ वाजून ४६. वर्षभरात ह्यात थोडी वधघट होते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य १६ मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्यावर १४ मिनिटं मागे, पण नाताळाच्या सुमारास हा फरक जवळजवळ शून्य असतो, म्हणजे तुमची सुट्टी ह्या कामाला अगदी योग्य. मऊ वाळूत पेन्सिलीचं टोक रुततं, म्हणून खाली उलटं ताट घ्या.

रात्री ते घड्याळ तसंच राहू द्या आणि त्याला पेन्सिलीच्या रेषेत डोळा लावून बघायला सांगा, समोर ध्रुवतारा. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात, ठाण्यात ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींच्या जरा खाली, म्हणजे बिल्डिंगांच्या आणि धुरकट हवेच्या मागे गेलेला. तिकडे तो पावणेतीन मुठी वर आणि आकाश स्वच्छ.

येताना जयपूर केलंत तर जंतरमंतरचं सम्राट यंत्र, म्हणजे भलंमोठं सूर्यघड्याळच, दाखवाच. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेलं, २७ मीटर उंच, त्याचा तिरका जिना जमिनीशी २७ अंशांचा कोन करतो, कारण जयपूरही जैसलमेरसारखंच साधारण २७ अंश अक्षांशावर आहे. खिशातली पेन्सिल आणि तो जिना एकाच दिशेला बोट दाखवतायत हे पोराने स्वतः ओळखलं तर बघा.

प्रश्न : मी ११वीत आहे, मला वाळवंटाचं लेयर्ड पेपर कार्ड करायचंय पण माझे वाळूचे डोंगर डोंगरच वाटतात, येऊरसारखे. काय चुकतंय? (सीवूड्स)

तू दोन्ही बाजू सारख्या काढतेस, बहुतेक सगळे तसंच काढतात. वाळूची टेकडी सारखी नसते गं. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू लांब आणि सपाटसर चढत जाते, कारण वारा कण ढकलत ढकलत वर नेतो, आणि माथ्यावरून ते पलीकडे घसरतात, त्यामुळे पलीकडचा उतार उभा, साधारण ३० ते ३४ अंशांचा. कोरडी वाळू त्याहून उभी राहतच नाही. त्यामुळे प्रत्येक थर असा काप की डावीकडून हळूहळू चढेल आणि उजवीकडे पटकन उतरेल, आणि सगळ्या थरांमध्ये उभी बाजू एकाच दिशेला ठेव, कारण वारा सगळ्यांना एकच. एवढं केलंस तरी येऊर पळून जाईल.

कात्री बाजूला ठेवून फाडूनही बघ. वरून रंगीत आणि आतून पांढरा असा कागद घे, एक तुकडा स्थिर धरून दुसरा स्वतःकडे ओढत फाड. दोनपैकी एका तुकड्याला वरच्या बाजूने पांढरी, दाणेदार कड येते, दुसऱ्याला येत नाही. ती पांढरी कड म्हणजे उन्हात चमकणारा माथा! ती फक्त माथ्यालाच ठेव, उभ्या बाजूला सावली पाहिजे, तिथे एक शेड गडद कागद. रंगही नुसता पिवळा नको, सकाळी वाळू फिकट, जवळजवळ बिस्किटाच्या रंगाची असते आणि संध्याकाळी गुलाबीकडे झुकते, म्हणून चार-पाच जवळजवळच्या शेड घे. खरी वाळू चिकटवायची गरज नाही, हवा तर रांगोळीचा पांढरा दाणा चहाच्या पाण्यात बुडवून वाळवून घे, तो छान लागतो.

प्रश्न : मुलांना घेऊन जातोय. तिथे रात्री कागदाचे उडते कंदील सोडले तर फोटो भारी येतील ना? (घोडबंदर रोड)

नको. जळता कागद वाऱ्यावर कुठे जाऊन पडेल ह्यावर आपला काहीच ताबा नाही, खाली सुकं गवत, झोपड्यांची छपरं आणि जनावरांचा चारा असतो, आणि पावसाच्या अभावी उरलेला सांगाडा तिथे लवकर कुजतही नाही. त्यापेक्षा घरचाच आकाशकंदील न्या, तंबूच्या दारात आत टॉर्च ठेवून लटकवा. दिवाळीत जांभळी नाक्यावरून आणलेला पतंगी कागद उरला असेल तर तोच चालेल. आणि एकूणच, कात्रणं, चिंध्या, रॅपर सगळं पिशवीत भरून परत आणायचं.

प्रश्न : मी सुकवलेल्या पानाफुलांची कार्डं करते. वाळवंटातून काय गोळा करून आणता येईल? (कळवा)

जवळपास काहीच आणू नका असं सांगेन, आणि हे मी जीव तोडून सांगतेय. तिथे एकेक झुडूप वर्षानुवर्षं धरून वाढलेलं असतं. गावाजवळ ओरण असतात, म्हणजे आपल्या देवराया, तिथली फांदी मोडणं गावकऱ्यांना चालत नाही. खेजडीचं झाड दिसेल, ते आपल्या शमीचंच, दसऱ्याला आपण पूजा करतो ती, आणि राजस्थानात तो राज्यवृक्ष आहे. जोधपूरजवळ खेजडली गावात १७३० साली ही झाडं वाचवण्यासाठी अमृतादेवी बिष्णोई आणि त्यांच्यासोबत एकूण ३६३ लोकांनी जीव दिला. अशा झाडाची डहाळी कार्डावर चिकटवून आपल्याला काय मिळणार?

वस्तू राहू द्या आणि ठसा घ्या. पातळ कागद झाडाच्या सालीवर धरायचा, मेणखडू आडवा धरून हलक्या हाताने घासायचा, सालीची एकेक भेग कागदावर उतरते. गळून पडलेलं पान कागदाखाली ठेवून त्याच्या शिरा घ्यायच्या, आणि पान तिथेच सोडून द्यायचं. हे करायला दहा मिनिटं झाडाजवळ उभं राहावं लागतं, आणि त्या दहा मिनिटांत मुंग्या, डिंक, शेळ्यांनी कुठपर्यंत पाला खाल्लाय, सगळं दिसतं. जैसलमेरजवळच्या आकल जीवाश्म उद्यानात तर झाडांचे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे दगड झालेले ओंडके आहेत, तिथून खडासुद्धा उचलायचा नाही, नुसतं बघायचं.

सराव इथे रुईवर करा, मारुतीला माळ घालतो ती. थरमध्ये तीच झाडं आक म्हणून भेटतात. फक्त तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

प्रश्न : जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर आम्ही जाऊन आलो, जीप, डीजे, गर्दी, काही मजा आली नाही. शांत बसून काही करता येईल अशी जागा आहे का? (खारघर)

आहे ना. सम जैसलमेरपासून ४० किलोमीटरवर, आणि सगळे तिकडेच जातात. खुरी गावाकडे गर्दी कमी. पण माझी लाडकी जागा खिचन, जोधपूर-जैसलमेर वाटेवर फलोदीच्या जवळ. हिवाळ्यात तिथे हजारो कुरजां येतात, करकोच्यांमधली जगातली सगळ्यात छोटी जात, मध्य आशिया आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना धान्य घालतात, चुग्गाघर म्हणतात त्या कुंपणाच्या जागेत. २०२५ मध्ये खिचनला रामसर दर्जाही मिळाला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत नाव गेलं. ही तीच फलोदी जिथे २०१६ च्या मे महिन्यात ५१ अंश तापमान नोंदलं गेलं, म्हणून जायचं ते डिसेंबर-जानेवारीतच.

सकाळी लवकर पोचा, लांबच बसा, गप्प बसा. आणि सोबत राखाडी रंगाचे चौकोनी कागद ठेवा. कागदाचा करकोचा सगळ्यांना येतो, त्यात कागदाचे समोरासमोरचे दोन कोपरे मान आणि शेपूट होतात, उरलेले दोन पंख. घडी घालायच्या आधी मानेच्या कोपऱ्याला काळं रंगवा, शेपटीच्या टोकाला थोडं काळपट करा, आणि शेवटी डोळ्यामागे टिश्यूचा छोटा पांढरा तुरा चिकटवा, झाली कुरजां. पण आधी तासभर खऱ्या पक्ष्याकडे बघा. त्याची मान उभी असताना कशी दिसते आणि दाणे टिपताना कशी, पळत पळत उडताना पंख कुठे असतात, हे बघून मग घडी घातली की मानेचा कोन आपोआप बदलतो. मी कागद नेते तो ह्याचसाठी. फोटो काढला की आपण पुढे निघतो, कागद हातात असला की पुन्हा मान वर करून बघावंच लागतं.

प्रश्न : आमचं एवढ्या लांब जाणं ह्या वर्षी जमणार नाही, आई आजारी असते. इथे राहून काही करता येईल का? (ऐरोली)

ताई, तुमच्याकडे तर वाळवंटाचे पाहुणे दारात येतात. आपल्या खाडीत हिवाळ्यात जे रोहित पक्षी, फ्लेमिंगो, उतरतात त्यातले बरेच कच्छच्या रणाकडून येतात, तिथल्या खारट चिखलात ते मातीची छोटी ढिगारवजा घरटी करतात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेलं. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून भरतीच्या वेळा बघून बोटी सुटतात, आईंना बरं असेल त्या दिवशी त्यांनाही न्या. नाहीतर गच्चीवर सूर्यघड्याळ करा, वरचंच माप, साडेचौदा सेंटिमीटर. मे महिन्याच्या मध्यावर आपल्याकडे एक दिवस असा येतो की भर मध्यान्हाला सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जैसलमेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे तिथे हे कधीच दिसत नाही, म्हणजे त्या दिवशी तिकडच्यांनी आपल्याकडे यावं. आईंना खुर्ची गच्चीच्या सावलीत टाकून द्या, साडेबाराला वर जा, गच्चीवर दुधाची रिकामी बाटली उभी करून ठेवली तरी चालते.

प्रश्न : विमानात कात्री नेऊ देतात का? (वाशी)

चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत ठेवून सिक्युरिटीला वाद घालत बसू नका. कटरची पाती आणि भोकं पाडायची सुईसुद्धा तिथेच. ट्रेनने जाणार असाल तर हा प्रश्नच नाही, जोधपूरची गाडी बोरिवलीला पकडायची असेल तर घोडबंदरच्या ट्रॅफिकसाठी मात्र चांगला दीड-दोन तास हाताशी ठेवून घरून निघा.